मेलेल्या लेकीनं बांधलेलं घर

"ह्या बाईच्या हातचा चहा आमच्यात कुनी पिनार न्हाई!" गेणूभाऊंनी माधवीनं पुढं केलेला कप असा झिडकारला, की उकळता चहा तिच्या मनगटावर सांडला... सख्ख्या बापानं सख्ख्या लेकीला 'ही बाई' म्हणावं!

श्रावणात कान्हे गावाच्या वरच्या अंगाच्या वाडीवर दरड कोसळली आणि गेणूभाऊंचं घर गोठ्यासकट मातीत गेलं; माणसं तेवढी वाचली. दिवाळीनंतर लोणावळ्यातल्या एका चर्चची मंडळी घरं बांधून द्यायला वाडीत आली आणि त्यांच्यासोबत माधवीही आली. योहान साळव्याशी लग्न केलं म्हणून बापानं जिवंतपणीच तिच्या नावानं आंघोळ केली होती, तेरावं जेवू घातलं होतं... तरी माहेर गाडलं गेल्याचं कळताच तिला राहवेना! चिक्कीच्या कारखान्यात रजा टाकून ती विटा वाहत होती, सिमेंटचा माल कालवत होती. आई, झुंबरबाई, पलीकडच्या पत्र्याच्या शेडमधून टक लावून बघायची, आणि नवऱ्याची चाहूल लागली की मान फिरवायची.

चहाचा तो प्रकार पाहून चर्चचे पाळक प्रज्ञेश पुढं आले. "भाऊ, ही तुमचीच मुलगी ना? तिचा असा अपमान होणार असेल, तर आम्ही काम इथंच थांबवतो."

"माजी लेक मेली. गावाला इचारा!"

थापी धरलेले हात जागच्या जागी थांबले. शेडमध्ये झुंबरबाई खोकत होती... ही थंडी तिनं त्या पत्र्याखाली कशी काढावी? माधवीनं पदर सावरला आणि हात जोडले.

"साहेब, काम थांबवू नका. भाऊ खरं बोलत्यात. मी ह्यांची... कुनी न्हाई."

बापाला 'आबा' न म्हणता 'भाऊ' म्हणताना तिची जीभ जड झाली! आणि ज्याला तिनं कडेवर खेळवलं, तो तिचा धाकटा भाऊ निलेश हसून म्हणाला, "ऐकलं ना? तीच म्हनती. चला, उचला विटा!"

घर उभं राहिलं. वास्तुशांतीला अख्खी वाडी जेवली; माधवी बाहेर खडीच्या ढिगावर बसून होती. दिवेलागणीला पंगती उठल्या, आणि झुंबरबाई एकाएकी धावत बाहेर आली. लेकीचे सिमेंटनं फुटलेले हात तिनं उराशी धरले.

"पोरी! मला समदं दिसत हुतं गं... पन म्या तोंड उघडलं न्हाई. माज्यासारकी आई वैऱ्यालाबी मिळू नये! चल आत, तुजंच घर हाय..."

"झुंबरे!" गेणूभाऊ उंबऱ्यात उभे होते. "तिला धरलीस? मग ऱ्हा तितंच, उघड्यावर!"

"ऱ्हाते!" ती ओरडली, आणि खोकल्यानं दुमडली.

माधवीनं आईचे हात हळूच सोडवले. "आये, जा तू आत. ही थंडी तुला सोसायची न्हाई." मग बापाकडं न बघता म्हणाली, "त्यांचा दोष न्हाई. मीच धरलं त्यांना."

निलेशनं आईला दंडाला धरून आत ओढलं. दार लागलं, कडी पडली.

"माधवे!" आतून हंबरडा उठला. किती वर्षांनी आईच्या तोंडून तिचं नाव निघालं होतं! "माजी माधवी हाय ती! माजी ले..."

चापटीचा आवाज आला, आणि शब्द अर्ध्यावरच तुटला.

"आबा! तिला मारू नका, आबा!" माधवीनं दोन्ही हात दारावर आपटले, खांदा लावला, डोकं आपटलं... पण ते दार भक्कम होतं. तिनंच चौकट धरून, ओळंबा लावून बसवून घेतलेलं. ते तसूभरही हललं नाही!