आधीचा घोट

कोठीच्या मागच्या अंगणात पपनसाची तीन झाडं होती आणि त्यांच्या सावलीत माझी शाळा भरायची. कोठी म्हणजे इंग्रज रेसिडेंट साहेबांचा बंगला. नोकरांच्या मुलांना अक्षरओळख व्हावी म्हणून साहेबांनी मला ठेवलं होतं. इंग्रजी येत असल्यामुळे दुभाष्याचं कामही माझ्याकडेच होतं. सगळे मला मेताजी, म्हणजे मास्तर, म्हणत.

साहेबांचं सरबत दादुमियाँ करायचा. साहेब सकाळी फिरायला गेले की तो झाडाखाली पपनस सोलायला बसायचा. एकेका फोडीची साल काढायची, बिया वेगळ्या करायच्या, रस फडक्यातून दोनदा गाळायचा. कान मात्र माझ्या शाळेकडे.

"मेताजी, तुमची पोरं पाढे म्हणतात की मेंढरं हाकतात?"

"तू म्हण बघू सातचा."

"मला कशाला? माझा पेला रोज एकच असतो."

पेला साहेबांच्या हाती देण्याआधी तो त्यातला एक घोट वाटीत ओतून त्यांच्यासमोर स्वतः प्यायचा. ही राजवाड्यातली रीत. पूर्वी तो तिथे होता, तिथून ती त्याने कोठीत आणली. साहेब हसायचे, पण त्याचा घोट होईपर्यंत थांबायचे.

त्या वर्षी माझ्या जडावला मुदतीचा ताप आला. आई नसलेली, नऊ वर्षांची पोर. तीन आठवडे झाले, वैद्यांनी हात टेकले. तेव्हा मी, नागर ब्राह्मण, कुणालाही न सांगता दादुमियाँबरोबर दर्ग्यात गेलो आणि जाळीला दोरा बांधला.

"पोर उठली की एक रोजा मी धरीन," तो म्हणाला. "तुम्हाला नाही जमायचं. तुम्हाला दुपारी झोपेआधी लाडू लागतो."

जडाव उठली.

ज्या दिवशी त्याने तो रोजा धरला, नेमकं त्याच दिवशी साहेबांच्या सरबतात सोमलाचं विष निघालं. त्याने न चाखताच पेला पुढे केला, साहेबांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि अर्धा पेला ओसरीवरून खाली ओतला. तळाशी करडा गाळ होता. दोन दिवस साहेब ओकत होते. वाचले.

चौकशीला पोलीस खात्याचे क्रेन साहेब आले. खानसाम्यापासून माळ्यापर्यंत सगळ्यांनी एकच सांगितलं, रोज चाखणाऱ्याने त्या दिवशी चाखलं नव्हतं. रोज्याचं माझ्याखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

"त्याचा तुमच्यावर विश्वास आहे," क्रेन साहेब मला म्हणाले. "सगळं सांगून टाक म्हणावं. खरं बोलला तर त्याच्या केसाला धक्का लागणार नाही. माझा शब्द."

तो शब्द घेऊन मी कोठडीत गेलो. दादुमियाँ भिंतीला टेकून बसला होता.

"दुभाषे तुम्ही, मग मला कसली भीती? पण पोरीचं मी माझ्या तोंडाने नाही बोलणार. ते तुम्ही सांगा. तुमची जात तुम्हाला ठाऊक."

जबानीच्या दिवशी पंचांमध्ये आमच्या ज्ञातीचे मुखी छबिलराम बसले होते; जबानीतला शब्दन् शब्द मागाहून पंचांना समजावून सांगितला जाणार होता. जडावची सोयरीक त्यांच्याच नातवाशी ठरली होती. दर्ग्यातला दोरा आणि मुसलमानाचा रोजा त्यांच्या कानावर गेला असता, तर सोयरीक मोडली असती आणि आम्ही बापलेक वाळीत पडलो असतो.

"त्या दिवशी चाखलं का नाहीस?" क्रेन साहेबांचा प्रश्न मी त्याला सांगितला.

"नाही चाखलं. का, ते मेताजी सांगतील."

त्याने माझ्याकडे पाहिलं. उत्तर मास्तरांना येतं याची खात्री असलेलं मूल पाहतं तसं.

मी साहेबांकडे वळून इंग्रजीत म्हणालो, "चाखलं नाही म्हणतो. कारण सांगत नाही."

त्याला इंग्रजी येत नव्हतं. त्याने समाधानाने मान हलवली.

त्याला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. मी क्रेन साहेबांकडे धावलो.

"साहेब, आपण शब्द दिला होता."

"खरं बोलला तर, असं म्हटलं होतं मी," ते कागद आवरता आवरता म्हणाले. "त्याने कारण कुठे सांगितलं? तसं तुम्हीच तर मला सांगितलंत."

उरलेलं सरबत बाटलीत भरून, बुचावर लाखेची मोहर करून ठेवलं होतं. खटल्याच्या कागदांबरोबर मुंबईला पाठवेपर्यंत ती बाटली कोठीतल्या शाळेच्या कपाटात होती आणि किल्ली माझ्याजवळ. सरबताच्या पातळीवर शाईची रेघ होती. शिक्षा झाली त्या दिवशी मावळतीला मी कपाट उघडलं. सरबत रेघेच्या खाली गेलं होतं. मोहर शाबूत होती.

मी मुलांना पाण्याची वाफ कशी होते ते शिकवणारा माणूस. तशीच दुसरी बाटली घेतली, पाणी भरलं, लाख लावली, रेघ ओढली आणि तिच्या शेजारी ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिलं, दोन्ही होत्या तशाच. मावळतीला पाहिलं. पाण्याची बाटली तशीच होती.

सरबत एक घोट कमी होतं.

तुरुंगाचा शिपाई सांगत होता, दादुमियाँ दिवसभर पाण्याला शिवत नाही. सूर्य बुडाला की मगच.

सातव्या दिवशी बाटलीत नुसता करडा गाळ उरला. त्याच सकाळी त्याला बंदराकडे नेलं होतं. पुढे त्याचं काय झालं, ते मला कळलं नाही.

आठव्या दिवशी मी घरी पाण्याचा पेला भरून ठेवला आणि दिवा लावायला वळलो. परत आलो तर पाणी एक घोट कमी होतं.

याला सव्वीस वर्षं झाली. मावळतीला माझ्यासमोर जे ठेवलं जाईल, पाणी, ताक, दूध, त्यातला एक घोट आधी जातो. पहिली काही वर्षं मी पेले बदलले, घर बदललं, पेल्यावर ताटली झाकली. मग सोडून दिलं. खोटं कशाला सांगू, पुढेपुढे धीर वाटू लागला. कुणीतरी माझ्याआधी चाखतं आहे.

एवढं लिहून मी वही कोनाड्यात ठेवली होती. जडाव माहेरपणाला आली आहे. वाचायला तिला मीच शिकवलं. आज दुपारी तिने वही वाचली.

"दादुमियाँ मला फोडी सोलून द्यायचे," ती म्हणाली.

"हो."

"आणि तुम्ही सांगितलंत, कारण सांगत नाही."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ तिथे फडकं पिळल्याचा आवाज येत होता.

आता ती समोर बसली आहे. डोळे कोरडे आहेत. आमच्या मध्ये पपनसाच्या सरबताचा पेला आहे.

"मी स्वतः केलंय, बापुजी. घ्या."

सूर्य बुडाला. मी थांबलो. वही ओढून या चार ओळी लिहिल्या. शेजारच्या मशिदीतली बांग होऊन गेली.

"कशाची वाट बघताय?" ती विचारते आहे.

पेला अजूनही काठोकाठ भरलेला आहे.