शनिवारची तंबाखू

रुद्र देवरे त्या दुकानात शिरला तो दातांचा दवाखाना शोधत. गंगापूर रोडवरच्या त्या इमारतीचा जिना मागच्या बाजूला आहे, त्यामुळे ठणकणारी दाढ धरून आलेला प्रत्येक माणूस आधी खालच्या 'गायधनी स्टोअर्स'मध्येच घुसतो. काउंटरवरच्या यशश्रीला याची इतकी सवय झाली होती, की तिने मान वर न करताच सांगितलं, "मागून जिना आहे. पहिला मजला."

"थँक यू," तो म्हणाला. पण गेला नाही.

तिने वर पाहिलं. उंच, सावळा, अंगात कंपनीचा निळा शर्ट, एक हात गालावर... आणि नजर तिच्या मागच्या फळीवर. शाईपेनं, लायटर, काठ्या सगळं सोडून त्याला नेमक्या चिनी मातीच्या बरण्या दिसल्या होत्या.

"ही... पाइपची तंबाखू आहे?"

"लोणचं तरी नाही."

"नाशिकमध्ये मिळते? आणि मी वेड्यासारखा मुंबईहून मागवतोय!"

दाढ राहिली बाजूला. त्याने खिशातून पाइप काढून काउंटरवर ठेवला. अंबडच्या एका कारखान्यात तो टूलरूम सांभाळायचा. जुने साहेब निवृत्त झाले तेव्हा जाताना आपला पाइप याच्या हातात ठेवून गेले. कळवणच्या शेतकरी घरातला मुलगा, घरात पाइप कुणी बघितलेला नाही. पण साहेबांचा मान म्हणून ओढायला लागला आणि मग आवडायलाच लागला.

"पण हल्ली मजा येत नाही हो," तो म्हणाला. "मी चेरीच्या स्वादाची ओढतो. सुरुवातीला काय गोड लागायची! आता खोकल्याचं औषध पेटवल्यासारखं वाटतं. त्यांनी माल बदलला असणार."

"माल तोच आहे. तुम्ही बदललात."

"म्हणजे?"

"म्हणजे जीभ मोठी झाली. आधी सगळ्यांना गोडच लागतं. मग एक दिवस नकोसं होतं आणि साधं पान हवं होतं. काही जणांना पुढे धुराचा वास आवडायला लागतो. बाबा सांगतात, चव बदलली की गिऱ्हाईक दुकानदाराशी भांडतं. तुम्ही अजून सभ्यपणे बोलताय."

"दाढ दुखतेय म्हणून," रुद्र म्हणाला, आणि यशश्रीला हसू आलं.

या दुकानाची गोष्ट अशी, की यशश्रीचे आजोबा रामकुंडावर यजमानांची पूजा सांगायचे आणि त्यांच्या मुलाने, म्हणजे चिंतामण गायधनींनी, काढलं तंबाखूचं दुकान. आजोबा बरेच महिने मुलाशी बोलले नव्हते म्हणतात. चिंतामणरावांनी मात्र ते काम पूजेइतक्याच सोवळ्यात केलं. परातीत वेगवेगळी पानं घेऊन बोटांनी मोकळी करायची, मिसळायची, बरणीत भरून फडकं बांधायचं आणि मुरू द्यायचं. आता त्यांच्या छातीने दगा दिला होता आणि वासही नीट कळत नव्हता. त्यामुळे मिश्रण करायची ती यशश्री. तिने जन्मात पाइप ओढला नव्हता. तिचं सगळं काम नाकावर चालायचं आणि त्या नाकाचा तिला चांगलाच गर्व होता.

तिने बरण्या उघडून एकेक चिमूट त्याच्यापुढे धरली. "बोलू नका. नुसता वास घ्या." गिऱ्हाईक काय बोलतं ते ऐकायचं नसतं, वास घेताना त्याची भुवई कुठे जाते ते बघायचं, ही बाबांची शिकवण. रुद्रची भुवई साध्या, गवतासारख्या वासाच्या व्हर्जिनिया पानाला जरा वर गेली, आणि धुरावर वाळवलेल्या काळ्या पानाला आणखी थोडी. तिने ते हेरलं. त्याचे डोळे बरे आहेत, हेही त्याच वेळी हेरलं. पण ते काही धंद्याचं नव्हतं.

"शनिवारी या. मुरलं की देते."

शनिवारी तो पुडी घेऊन गेला आणि पुढच्या शनिवारी अगदी गंभीर चेहऱ्याने परत आला.

"एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा."

"यात थोडा... हिंग आहे का?"

यशश्रीने फळीवरची बरणी ओढली, नाक आत घातलं आणि कानापर्यंत लाल झाली. फडकं दुकानातलंच होतं खरं, पण बरणी तिच्या आईची होती. इंदिराबाईंनी संपलेल्या लोणच्याची बरणी धुऊन पालथी घातली होती, आणि हिने घाईत घरून तीच उचलली होती. चिनी मातीला वास लागत नाही म्हणतात. झाकणाला कुणी सांगितलेलं नव्हतं. पहिल्यांदाच तिच्या नाकाने तिला तोंडघशी पाडलं होतं, तेही याच्यासमोर.

"बदलून देते. द्या ती."

"कशी देऊ? संपली."

"हिंगासकट?"

"वरणभाताची आठवण यायची," तो म्हणाला. "खोलीवर एकटा राहतो मी."

तिने शेजारून दोन चहा मागवले.

मग शनिवार ठरूनच गेला. अंबडची शिफ्ट सुटली की रुद्र यायचा, काउंटरच्या अलीकडच्या स्टुलावर बसायचा आणि मागच्या पुडीबद्दल तक्रार करायचा. कधी धूर जास्त, कधी ओल जास्त. ती मिसळत बसायची, तो बघत बसायचा. मध्येच आईचा फोन आला की तो झटकन अहिराणीत शिरायचा. "माय, दुकानमा शे. मंग फोन करस," असं तो हळूच बोलायचा, आणि यशश्री खाली बघून हसायची.

"रोज दुकानातच असता असं वाटत असेल आईला," ती एकदा म्हणाली.

"शनिवारीच फोन करते ती. मुद्दाम."

"का?"

"तिला वाटतं... जाऊ दे. ती बोलते काहीतरी."

खरं सांगायचं तर मार्गशीर्षातच यशश्रीला ते मिश्रण सापडलं होतं. त्याने वास घेतला आणि भुवई वर गेली ती खाली येईचना. डोळेच मिटले त्याने. एखादी शहाणी दुकानदारीण असती तर तिने तीच बरणी भरून ठेवली असती. आमच्या बाईसाहेबांनी काय करावं? पुढच्या वेळी त्यात चिमूटभर काळं पान जास्त घातलं. का, तर चव जमली की गिऱ्हाईक डबा भरून नेतं आणि दोन-दोन महिने तोंड दाखवत नाही. तो आला, "जरा कडक झाली," म्हणाला, आणि तिच्या मनाला इतकं बरं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली.

संक्रांतीनंतर मात्र काहीतरी बिघडलं. तीच पुडी, त्याच बरणीतली, एका शनिवारी त्याला तिखट लागली आणि पुढच्या शनिवारी फिकी. तिने वास घेऊन पाहिला. काही फरक नव्हता. मग चूक कुणाची? तिच्या नाकाची? बाबांचं नाकही असंच गेलं होतं, हळूहळू. ती घरी हिंगाची डबी, मेथीची डबी, कॉफीची डबी उघडून वास घेत बसायला लागली. इंदिराबाई म्हणाल्या, "अगं, सर्दी झालीये का तुला?"

त्यातच डॉक्टरांनी बाबांना स्पष्ट सांगितलं, की तंबाखूच्या धुळीत बसणं बंद. चिंतामणरावांनी फार वाद घातला नाही.

"पाडव्यापासून बरण्या काढून टाकू," ते म्हणाले. "पेनं आहेत, काठ्या आहेत. दुकान चालेल. चार गिऱ्हाईकं जातील, जाऊ देत."

यशश्री हो म्हणाली. चारांतली तीन गेली तर तिला काहीच वाटणार नव्हतं.

पाडव्याच्या आधीच्या शनिवारी रुद्र आला, स्टुलावर बसला आणि म्हणाला, "मागची जरा ओलसर—"

"आता बदलून मिळणार नाही," ती म्हणाली. मनाशी घोकलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं तिने. बाबांची छाती, डॉक्टर, पाडवा. "मुंबईतला एक चांगला दुकानदार आहे, त्याचा नंबर देते. तुम्हाला काय लागतं ते त्याला सांगेन मी."

बाहेर रस्त्यावर रिक्षा, हॉर्न, नेहमीचा गोंधळ. आत मात्र दोघंही बरण्यांकडे बघत बसले.

"बरं," शेवटी तो म्हणाला. "म्हणजे... बरोबर आहे. बाबांची तब्येत आधी."

एवढंच? तिला वाटलं होतं, निदान चिडेल. डोळे दिसू नयेत म्हणून तिने मान खाली घालून हात पुढे केला. "द्या तो पाइप. जाता जाता साफ करून देते."

"नको, नको... राहू द्या."

"द्या म्हणते ना."

त्याने नाइलाजाने दिला. तिने कापूस गुंडाळलेली बारीक तार दांड्यातून सरकवली आणि बाहेर ओढली. वापरातल्या पाइपमधून ती काळी-पिवळी होऊन येते, ओलसर, उग्र वासाची. ही पांढरीशुभ्र आली. तिने दुसरी घातली. तीही पांढरी. मग तिने पाइपच्या तोंडाशी नाक नेलं, आणि तिच्या नाकाला काहीही झालेलं नव्हतं, कारण तिला स्वच्छ कळलं की हा पाइप कित्येक आठवड्यांत पेटलेला नाही.

"रुद्र, हा कधी ओढलात शेवटचा?"

तो आपल्या बुटांकडे बघत होता. "वरच्या डॉक्टरांनी संक्रांतीला दाढ काढली. म्हणाले, बाकीच्या ठेवायच्या असतील तर हे बंद. केलं बंद."

"आणि दर शनिवारी नेत होतात ती?"

"आहे ना खोलीवर. सगळी आहे. कपड्यांना सुद्धा वास येतो."

"आणि तिखट? फिकी? ओलसर?"

"ते... अंदाजाने सांगायचो."

यशश्री ताडकन उभी राहिली. "अंदाजाने? अहो, मला वाटलं माझं नाक गेलं! रात्रंदिवस हिंग हुंगत बसलेय मी! आई मला सर्दीचा काढा देतेय!"

"सॉरी... खरंच सॉरी." तोही उभा राहिला. "पण काही घ्यायचं नाही तर दुकानात यायचं कसं? नुसतं बसायला आलो असतो तर तुम्ही काय म्हणाला असता?"

तिला खूप रागवायचं होतं. पण राग टिकेना. कारण तिचं स्वतःचं पाप आत वळवळत होतं.

"तुमचं मिश्रण मला मार्गशीर्षातच जमलं होतं," ती काउंटरवरची धूळ नसलेली जागा पुसत म्हणाली. "नंतरची सगळी मी मुद्दाम बिघडवली."

"मुद्दाम?"

"जमलं असतं तर तुम्ही आला नसतात."

तो हसायला लागला. आवाज ऐकून आतून चिंतामणराव डोकावले, दोघांकडे पाहिलं, आणि काही न विचारता परत आत गेले.

"तुम्ही पहिल्या दिवशी म्हणाला होतात, चव बदलते," रुद्र म्हणाला. "बदलली. तंबाखूची गेली."

"आणि कशाची लागली?"

"...शनिवारची."

तिचा हात काउंटरवर होता. त्याने आपला त्यावर ठेवला. जरा घाबरतच, पण ठेवला. तिने काढून घेतला नाही.

पाडव्याला बरण्या फळीवरून उतरल्या. इंदिराबाईंनी सोड्याने धुऊन, कडक उन्हात वाळवून त्या घरी नेल्या. पुढच्या शनिवारी फळी रिकामी होती, आणि तरी रुद्र वेळेवर हजर झाला. त्याच्या हातात पिशवी होती, कळवणच्या घरच्या झाडाच्या कैऱ्यांनी भरलेली. "मायने पाठवल्यात," तो त्या दिवशी दुकानात आलेल्या इंदिराबाईंना म्हणाला. "आणि विचारलंय, की... आम्ही कधी येऊ?" इंदिराबाईंनी आधी कैऱ्या बघितल्या, मग यशश्रीकडे बघितलं, मग म्हणाल्या, "आधी लोणचं घालते. खाऊन बघ, मग ठरव."

त्याच्या पुढच्या आठवड्यात यशश्रीने स्टुलापुढे त्यातलीच एक बरणी ठेवली आणि झाकण उघडलं. रुद्रने वास घेतला. मोहरी, हिंग, कैरी... भुवई हळूच वर गेली. त्याने एक फोड तोंडात टाकली, नीट चावली आणि अगदी गंभीर चेहरा केला.

"एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"यात थोडी... तंबाखू आहे का?"

"असेल," यशश्री म्हणाली. "चालवून घे. आता जन्मभर हेच लोणचं आहे."