पाइपावरचे तीन ठोके

नम्रता सून होऊन आमच्या घरी आली ते साल २०२२. किन्हवलीच्या पुढे आमची भातशेती, एक विहीर आणि पाण्यात सोडलेली मोटर. नम्रताने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला. पुढच्या वर्षी जानेवारीत म्हसा गावची जत्रा संपली, तेव्हा तिने मोटरीसाठी एक खोका बनवला. टाकी रिकामी झाली की आतली चिप रिलेला, म्हणजे आपोआप दबणाऱ्या बटणाला, सांगायची आणि रिले मोटर चालू करायचा.

आमची जुनी रीत अशी, की मोटर लावण्याआधी लोखंडी पाइपावर तीन ठोके द्यायचे आणि थांबायचं. विहिरीत कोणी उतरलेलं असेल तर तो खालून एक ठोका देतो. मग बटणाला हात लावायचा नाही.

खोका पहिल्या दिवशी तीनदा टकटकला, जरा थांबला, मग मोटर लागली. रोज तसंच.

माझा धाकटा भाऊ धाऊ हसला. "दादा, सुनेच्या खोक्याला आपली रीत कोनी शिकवली रे?"

"मोटरीमुळे रिलेत ठिणगी पडते, काका," नम्रता म्हणाली. "चिप भांबावते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणून रिले तीनदा टकटकतो."

चौथ्या दिवशी सकाळी मी काठावर उभा होतो. तीन टकटक झाल्या. मोटर लागायच्या आत पाइपावर खालून एक ठोका आला.

वाकून पाहिलं. पाणी तळापर्यंत स्वच्छ. धाऊ समोर खळ्यावर पेंढा बांधत होता.

त्याच्या दुसऱ्या दिवशीही ठोका आला. त्याच्या पुढच्या दिवशीही.

मी साठीला अक्षरं शिकलेला माणूस. शिकलेली सून हसेल म्हणून ठोक्याचं बोललोच नाही. एवढंच म्हणालो, "ती टकटक बंद कर गो."

तिने रिलेच्या दोन टोकांवर एक कपॅसिटर आणि एक रेझिस्टर जोडला. ठिणगी दबली. मोटर एका दमात लागू लागली. ठोकाही थांबला. मला तेव्हा बरं वाटलं होतं.

बारा दिवसांनी मोटरीच्या जाळीत शेवाळ अडकलं. धाऊ दोर धरून उतरला. मेन स्विच पाडायचं काम माझं.

"दादा, लाइट पाडली ना?" खालून आवाज आला.

"टाकी भरलेली हाय. नाय लागायची."

घरी धाऊच्या बायकोने, देवकीने, गुरांच्या हौदात पाणी सोडलं होतं. टाकी रिकामी झाली.

टकटक झाली नाही. मोटर लागली.

पाण्यातली वायर एका जागी सोललेली होती.

पाइपावर एक ठोका आला.

मी स्विच पाडला तेव्हा दोर सैल पडला होता.

लोकांना मी सांगितलं, धाऊ न विचारता उतरला. नम्रता अजून आपल्या खोक्याला दोष देते. मी तिला अडवलेलं नाही.

खोका काढला, मोटर वर आणली. पाइप तेवढा विहिरीत आहे. रोज सकाळी खालून त्यावर तीन ठोके येतात, आणि थांबतात. मी अजून एकदाही परत ठोका दिलेला नाही.

माझा भाऊ धाऊ २३ फेब्रुवारी २०२३ रोजी, गुरुवारी, सकाळी दहा वाजता विहिरीत मेला. मेन स्विच चालू होता.