शिंपल्यांची पुरचुंडी

"ते घेऊ नका."

रंगीत माशांच्या दुकानात ती फळीवरची बाटली उचलत होती, तेवढ्यात मागून आवाज आला. तिनं वळून पाहिलं. उंच, चष्मा नाकावर घसरलेला, हातात माशांच्या खाद्याचा डबा.

"तुम्ही दुकानदार का?"

"नाही, गिऱ्हाईकच. पण ते पाण्याचा पीएच वाढवायचं औषध आहे… आणि तुम्ही ते आधीही नेलेलं दिसतंय."

"कशावरून?"

"लेबल न वाचता उचललंत."

तिचा पारा चढायला लागला होता, पण माणूस खरं बोलत होता. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाबा ताईकडे राहायला गेले, ते जाताना काचेची टाकी तिच्या स्वाधीन करून. टाकीत एकच सोनेरी मासा, मुकादम. आई गेल्यापासून बाबांच्या सकाळच्या गप्पा त्याच्याशीच चालायच्या. तिनं उत्साहाच्या भरात टाकी घासूनपुसून लख्ख केली, आणि काही दिवसांत मुकादम पाण्याच्या वरच्या थरात तोंड काढून धापा टाकायला लागला.

"औषध घातलं की बाबांचा मासा जरा बरा असतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच," ती म्हणाली. "माझ्या हातून तो गेला ना, तर बाबांना कुठल्या तोंडानं सांगू?"

त्यानं डबा तिथेच ठेवला. "चला, बघू."

तो शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत होता, हे तिला वाटेत कळलं. घरी आल्यावर त्यानं छोट्या काचनळीत टाकीतलं पाणी घेतलं, त्यात दोन थेंब सोडले आणि नळी उजेडात धरली. पाणी पिवळं झालं.

"आंबट झालंय." मग त्यानं फिल्टरचं झाकण उघडलं. "इथे काही होतं का?"

"एक कळकट पुरचुंडी होती. शिंपल्यांचे तुकडे होते त्यात. मी फेकून दिली."

तो हसला नाही, पण हसू दाबताना त्याचा चष्मा आणखी घसरला. "माशाच्या घाणीनं पाणी हळूहळू आंबट होत जातं. शिंपले जरा जरा विरघळून ते सावरून धरतात. तुमच्या बाबांनी सगळी सोय करून ठेवली होती."

"आणि मी ती कचऱ्यात टाकली."

"वर औषध ओतलंत. थोडं कमी-जास्त मासा सोसतो हो. पण आज एकदम वर, उद्या एकदम खाली, हे त्याला झेपत नाही."

"मग आत्ताच सगळं पाणी बदलून टाकू?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही काम काय करता?"

"फिजिओथेरपिस्ट आहे."

"आखडलेला गुडघा एका दिवसात पूर्ण वाकवता?"

दिवसभर पेशंटना ऐकवलेले शब्द तिनं नाइलाजानं उच्चारले, "थोडं थोडं…"

संध्याकाळी तो स्वतःकडचे शिंपले जुन्या रुमालात बांधून घेऊन आला. रोज दोन मग पाणी काढायचं, दोन मग रात्रभर उघडं ठेवून मुरवलेलं पाणी घालायचं, असं ठरलं. त्याच्या सांगण्यावरून दिवसाआड ती जेवणाच्या सुट्टीत टाकीतल्या पाण्याची बाटली तपासायला घेऊन त्याच्या ऑफिसच्या फाटकाजवळच्या बाकावर जाऊ लागली.

सुरुवातीला त्याचा संथपणा बघून तिला त्याला गदागदा हलवावंसं वाटायचं. साधं 'कसे आहात' विचारलं तरी हा विचार करून उत्तर देणार. पण नळी उजेडात धरून रंग स्थिर होईपर्यंत थांबणारे ते हात… ती मुकाट्यानं बघत बसायची. असा निवांत माणूस तिनं पाहिलाच नव्हता. त्याच्याजवळ बसलं की तिचीही घाई उतरायची.

"इतकं काय निरखताय?" एकदा तिनं विचारलं.

"रंग."

"तो नळीकडे बघून कळतो. माझ्याकडे बघून नाही."

त्याच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. त्या दिवशी नळीतलं पाणी मात्र हिरवं आलं, अगदी हवं तसं. नंतरही ते हिरवंच येत राहिलं. मुकादम टाकीभर फिरून काचेला तोंड लावू लागला.

आणि एका सकाळी दवाखान्यात ताईचा फोन आला. बाबा उद्या घरी येणार होते. तिला आनंद झाला, आणि पाठोपाठ दुसरा विचार आला. टाकी आता बाबांच्या हाती जाणार होती. मग बाटली कोण नेणार आणि बाकावर कोण बसणार?

दुपारी ती धापा टाकत फाटकाशी पोचली. त्यानं बाटलीचं झाकण उघडलं, वास घेतला, आणि तिच्याकडे पाहिलं.

"हे टाकीतलं नाही. क्लोरीनचा वास येतोय. सकाळी मीच तपासून सोडलेलं नळाचं पाणी आहे हे."

"घरी जायला वेळ नव्हता. दवाखान्यातच भरली."

"आणि आज तुमचा यायचा दिवसही नव्हता…"

"पाणी तपासायचंच नव्हतं मला," ती म्हणाली. "उद्या बाबा येताहेत. मग इथे यायला मला निमित्त उरणार नाही, आणि तुम्ही तर मला… आवडता."

त्यानं बाटलीचं झाकण पुन्हा घट्ट लावलं.

"दिवसाआड आणायची गरज नव्हती," तो म्हणाला. "पाणी हिरवं टिकल्यावर महिन्यातून एकदा आणलं असतं तरी चाललं असतं."

"म्हणजे मला उगाच पायपीट करायला लावलीत?"

"उगाच नाही." त्यानं चष्मा वर सरकवला. "मला दिवसाआड तुम्हाला बघायचं होतं."

ती हसली आणि हसताना तिचे डोळे भरून आले. त्यानं हळूच तिच्या हातावर हात ठेवला. "बाबांना एकदम सांगू नका हं. आधी शिंपल्यांचं सांगा, मग माझं… थोडं थोडं."

"अजिबात नाही. थोडं थोडं मुकादमच्या पाण्यासाठी ठीक आहे. हे मी उद्या त्यांना दारातच सांगणार."

"मग मी किती वाजता येऊ?" त्यानं विचारलं, आणि या वेळी विचार करायला तो क्षणभरही थांबला नव्हता.