बाबांच्या खांद्यावरचा टॉवेल

"तिला कशाला बोलावलंस?" बाबांनी विचारलं आईला, पण पाहिलं भिंतीकडे, आणि इतक्या वर्षांनी माहेरच्या दारात उभ्या असलेल्या थोरलीच्या काळजात चर्र झालं... त्यांच्या तोंडून अजूनही तिचा उल्लेख 'ती' असाच!

"मग पट्ट्या कोण बांधणार?" आई म्हणाली. "तुमच्या हातात आता चमचा राहत नाही."

बाबा उठून आतल्या खोलीत गेले. जन्मभर किकबॉक्सिंग शिकवलेल्या त्या माणसाचे हात गेल्या वर्षापासून थरथरत होते, खांद्यावरचा पांढरा टॉवेल मात्र सुटला नव्हता. आपला खेळाडू फार मार खाऊ लागला की प्रशिक्षकाने रिंगच्या कोपऱ्यातून, म्हणजे कॉर्नरमधून, टॉवेल टाकून लढत थांबवायची. तो हक्क त्यांनी कधी कुणाला दिला नव्हता. उद्या धाकटीची पहिली व्यावसायिक लढत होती. हौशी गटात डोक्याला हेडगार्ड, नडगीला पॅड असतात, उद्या त्यातलं काहीच नव्हतं. आजच्या शेवटच्या सरावासाठी हाताच्या पट्ट्या नीट बसायला हव्या होत्या, आणि या घरात त्या जेवणाच्या टेबलावर बांधायची रीत होती.

धाकटीने हात पुढे केला. थोरलीने पट्टी मनगटावरून फिरवली, बोटांमधून काढली आणि अंगठ्याशी सवयीने एक वेढा जास्त घेतला. शाळेत असताना धाकटीचा तो अंगठा मोडला होता, तेव्हापासूनचा हा वेढा. तो बघून धाकटी काहीतरी पुटपुटली.

"या बाजूनं बोल," थोरली म्हणाली. "त्या कानाला नीट ऐकू येत नाही. व्यावसायिक झाल्यावर पहिल्याच वर्षी लाथ बसली. तयारी नव्हती ना माझी अजून."

धाकटी खुर्ची सरकवून तिच्या उजवीकडे आली. "काल करारावर सही करताना मला सांगितलं, एकदा व्यावसायिक झालीस की हौशी गटाचं दार बंद. तुलाही सांगितलं होतं?"

"हो."

"तरी सही केलीस? सेमीफायनल जिंकली होतीस तू. फायनल मारली असतीस तर देशाच्या संघात गेली असतीस."

"सेमीफायनल झाल्यावरच केली. त्याच संध्याकाळी."

पट्टीतला हात ताठ झाला. त्या दिवशीची दुसरी सेमीफायनल धाकटीने जिंकली होती. एका वजनगटातून संघात एकच मुलगी जाणार, आणि ती निवडायला रिंगमध्ये समोरासमोर सख्ख्या बहिणी उतरणार होत्या!

"म्हणजे माझ्यासाठी..." धाकटीचा आवाज चिरकला. "ताई, तू मला घाबरून पळालीस, असं मी गावभर सांगत फिरले गं! बाबा म्हणाले, झगमगाटाला भुलली."

"त्या दुपारी बाबा भरल्या ताटावरून उठले होते. कुणाच्या कॉर्नरला बसू, म्हणून आईला विचारत होते. मी दाराआड होते." थोरलीने पट्टीचं टोक दाबून बसवलं. "मला ते बघवेना."

"मग आजारपणाचं सोंग करायचंस!"

"पुढच्या वर्षी पुन्हा आपण दोघी, आणि पुन्हा बाबा उपाशी."

धाकटी रडता रडता हसली, आणि पट्टी बांधलेल्या त्या जाडजूड हातांनी तिने बहिणीला घट्ट मिठी मारली. किती वर्षांचा हा दुरावा, कसली ही वेडी, मुकी माया... थोरलीलाही मग अश्रू आवरले नाहीत.

आतल्या दारात चाहूल लागली. बाबा कधीपासून तिथे उभे होते कोण जाणे. ते जवळ आले, थोरलीच्या त्या बहिऱ्या कानावरून त्यांनी थरथरता हात फिरवला.

"बाबा, खरंच काही नाही त्याचं," थोरली म्हणाली.

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला. त्याची घडी करायला गेले, ती जमेना. शेवटी तसाच चुरगळलेला टॉवेल त्यांनी थोरलीच्या खांद्यावर ठेवला.

"उद्या कॉर्नरला तू बस, बाळ," ते म्हणाले. "कधी थांबायचं ते या घरात तुलाच कळलं."

थोरलीने टॉवेल सारखा केला, डोळे पुसले आणि धाकटीचा दुसरा हात बांधायला घेतला. आई पानं वाढायला आत गेली.