शब्द क्रमांक ४१२

आम्ही गेरू ग्रहावर निघालो ते नीलकंठला परत आणायला नव्हे. तो नेमका कुठे पडला आहे, हे मोजायला!

स्वातंत्र्याची द्विशताब्दी उलटून गेली होती. दूरच्या ग्रहांवर वस्त्या झाल्या होत्या, पण वस्त्यांजवळ स्वतःचे सैन्य नव्हते. ते भाड्याने घेत. भाड्याने लढणारे आणि त्यांना नेमणारे, दोघांवर लक्ष ठेवणारे 'भाडोत्री सैनिक करार नियमन मंडळ' झाशीत सदर बाजारात होते, आणि मी तिथे तपासनीस होते. या बाबतीत मंडळाचा नियम साधा होता. चौकीवर नेमलेला सैनिक चौकीपासून तीस मीटरच्या वर्तुळात सापडला, तर करार पुरा. वर्तुळाबाहेर, तळाच्या वाटेवर सापडला, तर तो पळाला. पळालेल्यांची यादी दरवर्षी करारदिनी आमच्या कचेरीच्या पायऱ्यांवर मोठ्याने वाचली जाते. ऐकायला अर्धे बुंदेलखंड जमते.

नीलकंठ माझा धाकटा भाऊ. अकरा महिन्यांपूर्वी गेरूच्या खिंडीत दीपस्तंभाच्या चौकीवर तो एकटा होता. एकसष्ट वसाहतकऱ्यांचे जहाज त्या दिव्याच्या खुणेवर उतरणार होते. वादळ उठले. त्याचा शेवटचा निरोप तळावर आला, आणि मग त्याचा रेडिओ बंद पडला.

संकटात सैनिकाला आपल्या मातृभाषेत बोलण्याचा हक्क आहे; यंत्र त्याचे भाषांतर करून तळावर ऐकवते. हा मंडळाचा सर्वांत चांगला नियम, असे मला नेहमी वाटत आले. नीलकंठ मराठीत बोलला होता.

"वारा फार आहे. आईला सांगा. येतो."

यंत्राने तळावर ऐकवले, "हवा बहुत है. माँ को बता देना. आ रहा हूँ."

जहाज सुखरूप उतरले. नीलकंठ आला नाही. त्याने चौकी सोडली आणि वाटेत मेला, दिवा बॅटरीवर आपोआप चालत राहिला, असे सगळ्यांनी धरून घेतले. शोध घेण्याजोगे हवामान व्हायला अकरा महिने लागले. नातेवाइकाने तपासणी करू नये असा नियम आहे; पण सैनिकाची भाषा जाणणारा तपासनीस असावा, असाही आहे. मराठी जाणणारी मंडळात मी एकटी.

ओरछा गेटजवळच्या आमच्या घरातून निघाले तेव्हा आई दारात उभी होती. अकरा महिने गल्लीच्या तोंडाशी ऑटो थांबला की ती हातातले काम टाकून उठायची.

"येते," मी म्हणाले.

"ये. त्यालाही घेऊन ये. येतो म्हणालाय तो."

मी मान खाली घालून पायऱ्या उतरले.

*

आम्ही तिघे होतो. गाडी चालवणारा जयसिंग झाशीजवळच्या बिजौलीचा. ज्या कारखान्यात आमच्या गाडीची चाके ओतली गेली, तिथे त्याने आठ वर्षे काढली होती. करार घेणाऱ्या पक्षाची साक्षीदार म्हणून कप्तान कांचन. नीलकंठची तुकडी तिच्या हाताखाली होती. माझ्याशी ती फक्त कामापुरते बोले.

तळापासून खिंड अडतीस किलोमीटर. मध्ये सगळे खारमैदान. वरून ते भाजलेल्या पापडासारखे दिसते, पांढरे, फोड आलेले, क्षितिजापर्यंत पसरलेले. पापुद्र्याखाली दाट खारे पाणी आहे. तिथे दिवस बावन्न तासांचा असल्यामुळे उजेडाची चिंता नव्हती. चिंता हवेची होती. गेरूवरची हवा माणसाच्या छातीला चालत नाही. प्रत्येकाच्या पाठीवर सहा तासांचा सिलिंडर होता, आणि गाडीच्या मागच्या पेटीत जादा सिलिंडर. नीलकंठला आणता आले तर त्याला ओढायला म्हणून मी एक घसरपट्टीही घेतली होती. मंडळाच्या यादीत ती नव्हती.

"काय जिज्जी, डर तो नईं लग रओ?" जयसिंगने विचारले. बुंदेलीतले 'काय' म्हणजे 'का हो', 'जिज्जी' म्हणजे ताई. लहानपणी नीलकंठ दोन्ही 'काय' मिसळून बोलायचा आणि आई कपाळावर हात मारून घ्यायची.

"गाडी तुमच्या बिजौलीची आहे म्हणून थोडी वाटते," मी म्हणाले.

तो हसला. "अपने चक्कों पे भरोसा नईं जिज्जी को!"

कांचन हसली नाही. खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "उस दिन चालीस मिनट मैंने फाटक खुला रखा. आ रहा हूँ बोला था उसने. धूल अंदर भर गई. मेरे दो लोगों के फेफड़े आज तक ठीक नहीं हैं." मग म्हणाली, "भागना था तो भागता. इंतज़ार क्यों करवाया?"

मी दुसऱ्या खिडकीबाहेर बघू लागले. उत्तर माझ्याजवळ अकरा महिने होते.

बत्तिसाव्या किलोमीटरला पापुद्रा फुटला!

आधी मागून कडकड असा आवाज आला. मग गाडीचे तोंड वर उचलले गेले. "उतरो! उतरो!" जयसिंग ओरडला. मी पुढच्या दारातून उडी टाकली, सपाट पडले आणि पोटावर सरकत दूर गेले. मागे वळून पाहिले तेव्हा गाडीचा मागचा भाग पाण्यात होता. जादा सिलिंडरांची पेटी निसटली, क्षणभर तरंगली आणि बुडाली.

मी हिशेब मांडला, कारण मला तेवढेच येते. पाठीवर सहा तास. खिंड सहा किलोमीटर, म्हणजे जायला दोन तास, यायला दोन. तोवर गाडी बाहेर निघाली, तर तळापर्यंत सव्वा तास. एकूण सव्वापाच. उरला पाऊण तास.

"चार घंटा में निकार लैहें," जयसिंग म्हणाला. तो आतापासूनच पुढच्या कप्पीची तार सोडवत होता. "तुम जाओ जिज्जी. भैया को देख आओ."

कांचनने दोरी माझ्या कमरेला बांधली. दुसरे टोक स्वतःच्या.

*

खिंडीची वाट एका कड्यावरून जाते. रुंदी दोन पावलांची. डावीकडे लाल भिंत, उजवीकडे काही नाही. हवामानाच्या दाबमापकाचा काटा उतरायला लागलेला मी पाहिला आणि कांचनला सांगणार, तेवढ्यात वारा आला.

धूळ नव्हे, खडे! हेल्मेटवर ते ताशासारखे वाजत होते. समोरची कांचन दिसेनाशी झाली. दोरी ताणली. सैल पडली. आणि मग एकदम कमरेला हिसका बसला!

ती पडली होती.

मी भिंतीतल्या फटीत टाच रुतवली आणि मागे रेलले. दोरी हातमोज्यांतून सरकत होती. एक वीत. आणखी एक. "पाँव टिकाओ!" मी ओरडले. ती खाली लोंबकळत होती, तिचा सिलिंडर खडकावर आपटत होता. खण्! खण्! मग तिचा पाय कुठेतरी टेकला. वजन हलके झाले. तिची बोटे कड्याच्या काठावर दिसली. मी तिचे मनगट धरले ते सोडले नाही.

ती वर आली तेव्हा तिच्या सिलिंडरची झडप फुसफुसत होती. मी ती चिकटपट्टीने बंद केली. तिची पन्नास मिनिटांची हवा गेली होती. उरलेला पाऊण तास आमच्या हातून गेला. परतताना दोघींना एका नळीने हवा वाटून घ्यावी लागणार होती.

"लौट चलें?" तिने विचारले.

"एक किलोमीटर राहिलाय."

ती उठली.

वारा जसा आला तसाच थांबला. खिंड समोर उघडली. दीपस्तंभ आमच्या गुडघ्याएवढ्या धुळीत उभा होता. मी मोजपट्टी काढली. वर्तुळाची कड पहिल्यांदा तपासायची, असा नियम आहे. पण कांचन सरळ पुढे गेली आणि जागीच थांबली.

नीलकंठ स्तंभाला टेकून बसला होता. छातीपर्यंत धूळ. उजवा हात वर होता, दिव्याला वीज देणाऱ्या हातचक्कीच्या दांड्यावर. हात पडू नये म्हणून त्याने तो आपल्याच पट्ट्याने दांड्याला बांधून घेतला होता.

मी अंतर मोजले. चाळीस सेंटिमीटर. ते मी लिहून घेतले. माझे अक्षर नेहमीसारखेच आले.

वरच्या सौरपट्ट्यांवर बोटभर जाड लाल थर होता. बॅटरी कधीच संपली असणार. दिवा त्याने हाताने पेटता ठेवला होता. चक्कीवर फेरे मोजणारा काटा असतो. तो ९४२० वर थांबला होता. दिवा पेटता राहायला मिनिटाला तीस फेरे लागतात. म्हणजे पाच तास चौदा मिनिटे.

जहाज त्याच्या निरोपानंतर चार तास पन्नास मिनिटांनी उतरले होते. ते उतरले हे त्याला सांगणारे कुणी नव्हते. पुढची चोवीस मिनिटे तो उगाच फिरवत राहिला.

"पर वो बोला था, आ रहा हूँ," कांचन म्हणाली. तिचा आवाज रेडिओत फाटत होता. "मैंने अपने कान से सुना."

"तुम्ही यंत्राचं ऐकलंत. तो तसं म्हणाला नाही."

"तो क्या बोला?"

"घरातून निघताना आम्ही जातो म्हणत नाही. अशुभ मानतात. येतो म्हणतो. नीलकंठ सात वर्षांचा असताना 'जाता हूँ आई' म्हणून खेळायला पळायचा, आणि आई त्याला अर्ध्या जिन्यातून परत बोलवायची. पुन्हा म्हण! मग तो 'येतो, येतो, येतो' म्हणत एकेक पायरी उतरायचा. त्याचं मराठी मोडकंतोडकं होतं. पण हा शब्द त्याचा कधी चुकला नाही." मी मोजपट्टी गुंडाळली. "तो निरोप घेत होता, कप्तानजी."

ती त्या बांधलेल्या हाताकडे वळली. मग हळू म्हणाली, "ये मालूम होता तो मैं फाटक पे खड़ी न रहती. बड़ी गाड़ी थी, सिलिंडर थे. दो घंटे में पहुँच जाती मैं यहाँ."

"हो."

"मशीन को इतना भी नहीं सिखाया किसी ने?"

"मी शिकवलं," मी म्हणाले. "मराठीची शब्दसूची मीच केली. शब्द क्रमांक चारशे बारा. येतो. अर्थ: वक्ता ऐकणाऱ्याकडे निघाला आहे. एका शब्दाला एकच अर्थ, शंकेला जागा नको, म्हणून मी हट्ट धरला होता. मला त्या सूचीचा अभिमान होता. ध्वनिफीत पहिल्यांदा ऐकली त्याच दिवशी मला कळलं. मी कुणालाच सांगितलं नाही. आई त्या शब्दावर जगत होती."

ती मला मारेल असे वाटले. मारले असते तर बरे वाटले असते. तिने फक्त वाकून त्याच्या गुडघ्यांवरची धूळ हातांनी बाजूला करायला सुरुवात केली. "चलो. इसे ले चलते हैं."

मी पुन्हा हिशेब मांडला. मग पुन्हा एकदा, उलट्या बाजूने. घसरपट्टी गाडीबरोबर पाण्यात होती. त्याला ओढत कड्यावरून न्यायचे तर चार तास. हवा त्याहून कमी. त्याला नेले, तर दोघींपैकी एक पोचणार नव्हती.

"नाही," मी म्हणाले. "त्याला इथेच ठेवायचं."

त्याच्या मनगटावरची करारपट्टी मी कापली. नियमातले शब्द मोठ्याने म्हणाले, "करार पुरा. सैनिक मोकळा." पट्टा सोडला. हात दांड्यावरून खाली घेतला आणि मांडीवर ठेवला.

कांचनने विचारले, "जाते हुए क्या बोलते हो तुम लोग? औरत हो तो?"

"येते."

"येते," तिने म्हणून पाहिले. "अब बोलो उसे."

पण आमच्यात ज्या घरी कुणी वारलेले असते, तिथून निघताना येते म्हणत नाहीत. काही न बोलता उठायचे असते. मी तिला हे सांगितले नाही. मी उठले आणि मागे न बघता चालू लागले.

दोघींमध्ये एक नळी. दहा श्वास तिचे, दहा माझे. कडा संपला. मैदान आले. काटा लाल रेघेवर आला तेव्हा दूर जयसिंग दोन्ही हात हलवताना दिसला. गाडी बाहेर होती!

"कही थी ना, जिज्जी!" तो ओरडला. मग आम्ही दोघीच आहोत हे पाहून त्याने हात खाली घेतले.

तळाचे फाटक आमच्यामागे बंद झाले तेव्हा माझ्या सिलिंडरमध्ये सहा मिनिटे उरली होती.

*

अहवालात मी सगळे लिहिले. चाळीस सेंटिमीटर, ९४२० फेरे, आणि शब्दसूचीतली चूक कुणाची तेही. पळालेल्यांच्या यादीतून नीलकंठचे नाव गेले. मंडळाने मला तपासणीच्या कामावरून काढले आणि तीच सूची दुरुस्त करायला बसवले. शब्द क्रमांक चारशे बारापुढे आता दुसरा अर्थ आहे: वक्ता निरोप घेत आहे. वाट पाहू नये. मदत पाठवावी.

आईला मी घरी पोचले त्याच दिवशी सांगितले. ती ओट्याशी उभी होती. तिने सगळे ऐकून घेतले, करारपट्टी हातात घेतली आणि विचारले, "हात दुखला असेल ना रे तुझा?" मला नव्हे, त्याला विचारल्यासारखे. त्यानंतर गल्लीत ऑटो थांबला तरी ती उठली नाही.

चौथ्या दिवशी दुपारी कांचन भेटायला आली. शेजारपाजारचे बसले होते. ती तासभर आईसमोर जमिनीवर बसली. लोक एकेक करून मुकाट्याने उठून गेले, जसे उठायचे असते तसे. मग तीही उठली. दारात चपला घालून वळली, आणि पाठ केलेला एकुलता एक मराठी शब्द तिने नीट, सावकाश उच्चारला.

"येते, अम्मा."

मी ताठ झाले. शेजारच्या सरलाकाकूंनी तोंडावर पदर धरला.

आईने तिच्याकडे पाहिले. मग अकरा महिन्यांत पहिल्यांदा तिचा बांध फुटला, आणि रडत रडतच ती म्हणाली,

"ये. खरंच ये."