शेजारचा ठिपका

"मशीन म्हणते मी शहाणा आहे," निवृत्ती गावंडे म्हणाला. "आमच्या घरात असं कुणी पहिल्यांदाच म्हटलं."

"गप ना दादा!" त्याच्या बहिणीने, वेणूने, त्याला दटावले.

डॉ. इरावती बोंद्रे पडद्याकडे पाहत होत्या. मेंदू-आलेख सरकारी रुग्णालयांत येऊन तीन वर्षे झाली होती. चुंबकीय छायाचित्रातून मेंदूच्या बाह्यस्तराची जाडी मोजायची, निरोगी माणसांच्या मापांशी ती ताडून पाहायची आणि नकाशावर एक ठिपका उमटवायचा, एवढेच ते यंत्र करी. हिरवा पट्टा निरोगी माणसांचा, पिवळा नैराश्य-उन्मादाचा, तांबडा भास-भ्रमांच्या आजारांचा. निवृत्तीचा ठिपका हिरव्यात होता. हिरव्या ठिपक्याची औषधे बंद, असा नियम होता. डॉक्टरांनी हरकत नोंदवली नाही, तर पाच वाजता तसा आदेश औषधखिडकीकडे आपोआप जाणार होता. चार वाजून दहा मिनिटे झाली होती.

"गोळ्या सुटल्या की हा पुन्हा खांबावर चढंल, मॅडम," वेणू म्हणाली.

निवृत्ती लाइनमन होता. सहा वर्षांपूर्वी गोळ्या सुटल्या, तेव्हा तारा आपल्याला हाका मारतात म्हणून तो हातमोज्यांशिवाय वर गेला होता. त्या वेळी भारनियमन चालू होते, म्हणून वाचला.

"यंत्राने सहाशे बारा निरोगी माणसांशी तुलना केली आहे," इरावती म्हणाल्या. वाक्य बरोबर होते. त्यांना ते आवडले नाही.

"निरोगी म्हंजे आमच्यासारखे ना? माझ्याही डोक्याचा फोटो काढला होता. दादा पहिल्यांदा भरती होता तेव्हा. आम्ही सोबतीवाले व्हरांड्यात डबे घेऊन बसलो होतो. एक साहेब आले, म्हणाले, वीस मिनिटं नुसतं पडून राहा. बिस्किटाचा पुडा दिला."

तसा पुडा इरावतींनाही मिळाला होता. त्या वर्षी त्यांची आई त्याच वॉर्डात भरती होती आणि सोबतीला त्या होत्या.

त्यांनी निरोगी गटाची मूळ नोंदवही उघडली. चारशे एक्केचाळीस जणांच्या पत्त्याच्या रकान्यात वॉर्डाचा क्रमांक होता; म्हणजे ते सगळे रुग्णांचे सोबती होते. संशोधकांना घाईने निरोगी माणसे हवी होती, आणि आपल्याकडे रुग्ण एकटा भरती होत नाही. सख्ख्या नात्यांत मेंदूची ठेवण पुष्कळदा मिळतीजुळती असते, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य मात्र कुणाला आठवले नव्हते. रुग्णांच्या भावाबहिणींवरून मोजपट्टी आखली होती, आणि रुग्ण तिच्यात बसला की त्याला बरा ठरवले जात होते.

नातेवाईक वगळून त्यांनी गणित पुन्हा चालवले. निवृत्तीचा ठिपका हिरव्यातून सरकला आणि पिवळ्या-तांबड्याच्या सीमेवर थांबला.

"बघा!" वेणू म्हणाली.

"थांबा. एका ठिपक्याने काही सिद्ध होत नाही."

दर वर्षी प्रत्येक सरकारी डॉक्टरचाही आलेख निघे; ठिपका हिरव्याबाहेर गेला की परवाना स्थगित, असा नियम होता. इरावतींनी स्वतःचा उघडला. चोपन्न वर्षांत त्यांना एकही भास झाला नव्हता, निराशेने एक दिवसही अंथरुणाला खिळवले नव्हते. तोही ठिपका हिरवा सोडून निघाला आणि निवृत्तीच्या ठिपक्याला जवळजवळ खेटून बसला.

पाचला बारा मिनिटे कमी होती. नवी मोजपट्टी खरी मानली, तर उद्यापासून रुग्ण तपासण्याचा त्यांचा परवाना स्थगित होणार. खोटी मानली, तर त्या नकाशावरून कुणाच्याच गोळ्या ठरवता येत नाहीत. आणि ते दाखवून द्यायला शेजारच्या ठिपक्याइतका सबळ पुरावा दुसरा नव्हता. तो जोडायचा तर नावासकट जोडावा लागणार होता.

त्यांनी हरकतीचा रकाना उघडला. 'गोळ्या चालू ठेवाव्यात,' असे लिहिले. कारणापुढे दोन्ही आलेख जोडले आणि सही केली. निर्णयासाठी रोखून ठेवलेली गोळ्यांची पावती यंत्रातून बाहेर आली. वेणूने ती घडी घालून मुठीत धरली.

निवृत्ती मात्र पडद्यावर वाकून पाहत होता.

"हा मी," तो बोट ठेवून म्हणाला. "आणि हा शेजारचा कोण, मॅडम? त्याला गोळ्या कोण देतं?"